डावीकडची शेवटून दुसरी दाढ

कतारगाम, सुरत
९ फेब्रुवारी २०२५

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद.

पुण्यात थंडी ओसरली असेल. इथे सर्व ठीक. फोनवर तू "बोल आई, पेशंट बसलाय" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते.

दवाखाना चालू आहे. हिऱ्याच्या कारखान्यांतले लोक अजून माझ्याकडेच येतात. रूट कॅनाल मी हातानेच करते. सुईएवढी फाइल दाताच्या मुळात घालायची, पाव वळसा, बाहेर काढायची, धुवायचं, पुन्हा आत. नळी कुठे संपते ते बोटाला कळतं; मशीनला कळत नाही. सोसायटीत लोकांना वाटतं, मायलेकी घरावरून भांडल्या. आपण हाताच्या आणि मशीनच्या फाइलीवरून भांडलो हे कुणाला पटायचंही नाही.

परवा भाईदासची दाढ साफ करताना मीच कळवळले. तोंडात कापूस असूनही तो हसला. "बेन, बधाना दांत तमे जुओ, तमारा कोण जोशे?" सगळ्यांचे दात मी बघते, माझे कोण बघणार, म्हणे. मदतनीस मनीषाही हसली. मी त्याला तोंड उघडं ठेवायला सांगितलं.

तर, माझी दाढ. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी. एक्स-रेची फिल्म मी बोटाने धरली, बटण मनीषाने दाबलं. नस मेली आहे. मूळ टोकाशी गळासारखं वळलंय. माझी पोलादी फाइल तिथे सरळ घुसेल आणि भिंत खरवडेल. तुझी लवचीक फाइल वळणाने जाईल. एवढं मान्य करते. बाकीचं नाही.

अडाजणला एका नव्या डॉक्टरकडे जाऊन आले. मुलगा हसतमुख होता. मशीनला फाइल लावली तेव्हा मी विचारलं, "लांबी मोजलीत?"

"आंटी, रिलॅक्स!"

फाइलीवरची लांबीची रबराची खूण सरकवलेलीसुद्धा नव्हती. मी खुर्चीतून उठले. त्यांनी गळ्यात अडकवलेला पेशंटचा रुमाल काढायचा राहिला. लिफ्टमध्ये एका बाईने दाखवून दिला.

घरी येऊन खूप हसू आलं. मग लक्षात आलं, हे सांगायला घरात कोणी नाही. बाबा असते तर म्हणाले असते, "माधवी, तुला पेशंट म्हणून कुणी दारात उभं करणार नाही." रविवारी मनीषा येत नाही. त्या दिवशी मी एकही शब्द बोलत नाही, हे मला हल्ली सोमवारी कळतं, पहिल्या पेशंटशी बोलताना आवाज घोगरा निघतो तेव्हा.

दुखणं गोळीने थांबतं. काळजी करू नकोस. पण गोळीवर फार दिवस ढकलता येणार नाही, हे तुला सांगायला नको.

दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत मी बसणार नाही. तू ये. मशीन घेऊन ये.

एका बैठकीत होतं, असं तू म्हणशील. तुमच्या पिढीचं सगळं एका बैठकीत होतं. माझ्या दाढेला दोन लागतील. आधी नळ्या साफ करून औषध भरायचं, मग निदान आठवडाभर थांबायचं, आणि मगच बंद करायचं. तेवढा आठवडा तुला इथेच राहावं लागेल.

तुझी पेशंट,
आई