तुळईतलं आठच्या आकड्याचं भोक

ती. वन्सं,

नमस्कार. गुडघे कसे आहेत ते कळवा. न कळवलंत तर दुखतायत असं समजेन. (कळवलंत तरी तेच समजेन. दुखणं सरळ सांगायची तुमच्या घराण्यात पद्धत नाही, हे मला लग्नानंतर लगेच कळलं.) मी ठीक आहे. तुमचे बंधू ठीक नाहीत, पण त्यांच्याकडे यायचं तर आधी विमानाकडे यावं लागेल. आमच्याकडे सगळं विमानावरूनच जातं. वाळत घातलेले कपडे आणायलासुद्धा शेपटीखालून वाकून जावं लागतं.

माणसं निवृत्त झाली की बागकाम करतात, फार तर सकाळी फिरायला जातात. यांनी नकाशे मागवले आणि गॅरेजात दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. मोटार रस्त्यावर गेली, पंख आत आले. मी जन्मभर मुलींना भूमिती शिकवली ती अशा पंखाच्या पोटात हात घालून उभं राहायला नव्हे, पण राहिले. कारण या कामाला दोघं लागतात. एकाने बाहेरून पत्र्यात ड्रिल चालवायचं, दुसऱ्याने आतून त्याच जागी लाकडाचा ठोकळा धरायचा, म्हणजे ड्रिलचं टोक पत्रा भेदून ठोकळ्यात थांबतं, मागच्या तुळईला लागत नाही. (तुळई म्हणजे पंखाचा कणा. सगळं वजन तिच्यावर.) ठोकळा माझ्याकडे. मध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि खरं सांगते, त्या काळात आमचं बरंच चांगलं चाललं होतं.

गेल्या महिन्यात मी एवढंच म्हटलं की पेन्सिलीची खूण तुम्ही हल्ली बोटाने चाचपून शोधता, एकदा डोळे दाखवून घ्या. पत्र्यापलीकडून उत्तर आलं, ‘‘तू ठोकळा धर, डॉक्टरकी नको.’’ मी ठोकळा टेबलावर ठेवला आणि घरात आले. अबोला सुरू झाला. दुसरा कोणी असता तर त्याने चहा करून आणला असता, निदान दाराशी येऊन खाकरला असता. तुमचे बंधू एकटेच ड्रिल घेऊन उभे राहिले. मागे ठोकळा नाही, पुढची खूण दिसत नाही, आणि सांगायचं कोणाला, तर जिच्याशी बोलायचं नाही तिला.

ड्रिल पत्र्यातून गेलं ते थेट तुळईत. बाहेर काढताना हात हलला, म्हणून पहिल्याला चिकटून दुसरं भोक पडलं. दोन्ही मिळून आठचा आकडा, तोही तुळईच्या काठाला लागून. शाळेत शिवण शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर चुकलेली शिवण उसवून परत घालायला लावायच्या. (पट्टीही मारायच्या, ते वेगळं.) पण पत्र्यातलं भोक उसवता येत नाही. ते मोठं करून जाड रिव्हेट (पत्रे जोडायचा खिळा) ठोकावा, तर काठाशी पत्राच उरत नाही. हे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, अबोलाच चालू आहे. मग बाहेरच्या पत्र्यावर, भोकापुढे, चिकटपट्टी लावलेली दिसली, जशी लहान मुलं फुटलेल्या काचेपुढे पाठ करून उभी राहतात तशी.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी ज्यांनी नकाशे दिले त्यांना माझ्यासमोर फोन लावायला लावला. ते गृहस्थ सभ्य निघाले. म्हणाले, तुळई बदलायला नको. आठचा आकडा कानसून गुळगुळीत करा, वर तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ ठेवा, चारी बाजूंनी रिव्हेट मारा. मात्र त्याची भोकं अगदी मापात हवीत, आता चूक चालणार नाही. यांनी ठिगळ कापलं, कडा अशा घासल्या की गालावरून फिरवावं. आणि थांबले. आधी म्हणे ड्रिलचं टोक बोथट झालंय. नवं आणलं. मग गॅरेजात उजेड कमी. दिवा लावला. आता म्हणतात, हवा दमट आहे. ठिगळ टेबलावर पडून आहे आणि हे त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात, जसं कोणी दवाखान्याबाहेर बसतं. मी ठोकळा घेऊन दोनदा पंखात शिरले. पलीकडून ड्रिलचा आवाज आलाच नाही. ‘‘अहो, आहात का?’’ म्हटलं. ‘‘आहे,’’ म्हणाले.

असो. रडगाणं पुरे. भाऊजींना नमस्कार सांगा, आणि गुडघ्यांना ऊन द्या.

तुमची, तूर्त बिनकामाची,
भावजय

ता. क. : मुद्दा राहिलाच. डोळे का दाखवत नाहीत, याचं उत्तर काल मिळालं. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं वर्णन तुम्ही यांना तुमच्या रविवारच्या फोनवर केलंत म्हणे. सुरी येताना दिसते, नंतर जन्मभर धुरातून पाहिल्यासारखं दिसतं. वन्सं, त्या ऑपरेशननंतर तुम्ही माझ्या बाहीची उसवलेली शिवण हॉलच्या दुसऱ्या टोकावरून पकडलीत, आणि चारचौघांत सांगितलीत. तर कृपा करून यांना फोन करा आणि एकदा तरी खरं बोला. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. मी लिहिलंय असं सांगू नका.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. आज सकाळी टाकाऊ पत्र्यावर मीच ड्रिल चालवून पाहिलं. भोकं एका ओळीत पाडली आणि मधलं एक मुद्दाम चांगलं अंगठाभर खाली पाडलं, रस्त्यावरून दिसेल असं. यांच्या हातात दिलं. खिडकीशी घेऊन गेले, तिरपं धरलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, ‘‘छान. सगळी ओळीत आहेत. तुझा हात चांगला आहे.’’ इतक्या वर्षांत माझ्या कामाला हे पहिल्यांदा छान म्हणाले. फोनसाठी रविवारची वाट पाहू नका.