चोराच्या पायातले घुंगरू

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा सुधारतो आहे. माझ्या हातचा चहा मात्र तिच्या मते अजून सुधारायचा आहे. तू खुशाल असशील असे गृहीत धरते, कारण तीन वर्षांत तू कळवले नाहीस आणि मीही विचारले नाही.

आता ऐक. गेले चार दिवस माझे पाय जमिनीवर टेकत नाहीत! टारफुला हे तण ज्वारीच्या मुळात शिरून तिचा रस शोषते. आपल्या वाणाची मुळे त्याचे एक प्रथिन ओळखतात आणि तिथल्या तिथे त्याची वाट अडवतात. जणू चोराच्या पायात घुंगरू. प्रयोगशाळेत आता उलगडले ते असे: एका टारफुल्याच्या जनुकाचा लहानसा तुकडा गळाला आहे, त्यामुळे ते प्रथिन बनतच नाही. चोराने घुंगरू काढून ठेवले, पहारेकरी घोरत राहिला! एवढीशी उणीव, आणि तिच्यातून एवढा जहालपणा. इतके देखणे उत्तर मी आयुष्यात पाहिलेले नाही.

हा टारफुला कुठला, ते सांगायचे टाळते आहे. तुझ्या सात नंबरच्या वाफ्यातला.

यंदा वाणाचे बियाणे मी स्वतः निवडले, स्वतः सीलबंद केले, तरीही ज्वारीच्या बुडाशी टारफुल्याची ती जांभळी फुले आलीच. दोष द्यायला दुसरे कुणी उरले नव्हते. तेव्हा कुठे तू शीतकपाटात ठेवून गेलेल्या दोन्ही पुड्या काढल्या: एक बियाण्याची, एक टारफुल्याची. तपासनीस बाई म्हणाल्या, "मॅडम, तेव्हाच्या तणातही हाच बदल आहे. आणि बियाणं तेव्हाही शुद्धच होतं."

तीन वर्षांपूर्वी त्या वाफ्यात टारफुला उगवला, तेव्हा तू हेच सांगत होतीस. "ताई, एका दाण्याचीही भेसळ नाही, तणच बदललंय." मी विभागप्रमुखाच्या खुर्चीतून म्हणाले, तणाची वकिली करू नकोस; आणि अहवालात 'क्षेत्र-सहायिकेच्या हलगर्जीपणामुळे भेसळ' असे लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास. वाक्य निर्दोष होते, शुद्धलेखनापुरते.

सोबत त्या अहवालाच्या दुरुस्तीपत्राचा मसुदा आहे. त्यात मी आधी 'त्रुटी' लिहिले, मग 'विसंगती', मग 'माझी चूक'. शोधनिबंधावर तुझे नाव पहिले आहे. मसुद्यात हवे ते खोड, हवे ते वाढव. तू वाचून परत पाठवल्याखेरीज तो संचालकांकडे जाणार नाही.

चुकलेली,
ताई