हळदीपायी राहिलेल्या गोळ्या

अल्पेश,

माझ्या अंगावरून जाण्याचा सगळा ठपका तुझ्या त्या नाक्यावरच्या डॉक्टरने माझ्यावरच ठेवला. दोनदा मला गोळ्या दिल्या, स्वच्छता ठेवा म्हणून मलाच ऐकवलं, पण नवऱ्याला घेऊन या असं एकदाही म्हणाला नाही. त्याचं ऐकून आईंनी माझा साबण वेगळा केला. तू समोर बसून जेवत होतास.

आता वसईच्या डॉक्टर मॅडमनी तुझी लघवी तपासली, तर माझ्यात सापडलेला, नवरा-बायकोच्या संबंधातून पसरणारा तोच परजीवी तुझ्यातही निघाला. "मला कुठे काय होतंय?" म्हणून तू त्यांच्यासमोर ऐट केलीस. त्यांनी तोंडावर सांगितलं, पुरुषांना बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, म्हणूनच बायको बरी होऊन पुन्हा आजारी पडते. दोघांनी एकदमच गोळ्या घ्या, कोर्स संपेपर्यंत एकत्र झोपू नका, दारू बंद.

माझ्या गोळ्या परवापासून चालू आहेत. "माझ्यापण चालू आहेत," म्हणालास. आज तुझं पाकीट देवघरामागे सापडलं, एकही गोळी फोडलेली नाही. चुलतभावाच्या हळदीत तुला प्यायला मिळावं म्हणून मी सडायचं?

मी माहेरी चालले. डाळ फ्रिजमध्ये आहे, पाकीट तुझ्या ताटावर ठेवलंय. कुणाकडून कुणाला आलं ते तपासणीत कळत नाही, तुला मात्र ठाऊक असेल. ते नंतर बघू. आधी आज जेवायच्या आत एवढं कळव: हा रोग तुलाही आहे, हे आईंना तू सांगतोस की मी फोन करू?

तेजस्वी