श्वास चालू हाय का?

४ डिसेंबर २०२३, सोमवार

आज तीन फोन. एक सापाचा, एक तुटलेल्या तारेचा, एक माझ्या भावाचा. साप म्हणजे धामण निघाली, तार वायरमननं उचलली. भाऊ काय आवरला नाय.

वच्छला विचारते, हे बी लिहू का? लिही. वही सरपंचाची हाय, तिच्यात पुढून लिहायचं ते त्याचं — टाइम, कुणाचा फोन, कुणाला धाडलं. उलटी करून मागून लिहायचं ते माझं. मागचं कुणी वाचायचं नाय. मला तर वाचताच येत नाय, म्हणजे माझ्याकडून धोका नाय. तू सून हाईस, लिहायचं अन् विसरायचं. — तोंड वाकडं केलं तिनं. ते बी लिही!

गेल्या साली माझा खुबा मोडला. वाटी बदलली. तवापासून ओसरीवरची बाज, मी अन् हा गावाचा अडीनडीचा फोन. नानासाहेब सरपंच म्हणाला, "काकू, तुम्ही तशाबी बसूनच असता." असा मान कुणाला मिळतो! आधी हा फोन पंचायतीच्या शिपायाकडं होता. तो उचलायचा नाय. अन् दवाखान्याच्या गाडीवाले शहरातून यायचे ते मोबाइलातल्या नकाशाचं ऐकून थेट पाझर तलावात उतरायचे. मला नकाशा कळत नाय, म्हणून माझी वाट चुकत नाय.

आता माझा नंबर पाण्याच्या टाकीवर रंगवलाय. बटणांवर वच्छलाच्या टिकल्या चिकटवल्यात. लाल दाबली की दवाखान्याची गाडी. हिरवी म्हणजे कडूबाची जीप. काळी वायरमन. चंदेरी साप धरणारा. टिकल्या सगळ्या फोनला गेल्या, वच्छला आता कुंकू लावते. गावाची सेवा!

फोन आला की मी नाव विचारत नाय. आवाजावरून कळतंच. पहिला प्रश्न एकच — श्वास चालू हाय का? तो चालू असला की बाकीच्याला काहीतरी इलाज हाय.

भाऊ म्हणजे सांडू. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, खुलताबादला असतो. रोज चारच्या ठोक्याला फोन.

"आक्का, लई अडचण हाय."

"काय झालं?"

"तुझ्या हातचे धपाटे खाऊन दोन महिने झाले. घेऊन ये. गरम आण पण, गार झाले की चामडं होतंय, अन् मला दात उरलेत दोन."

"श्वास चालू हाय का?"

"हाय."

"मग ठेव. ही लाइन अडचणीची हाय."

६ डिसेंबर

एक फोन. साळूबाईची म्हैस सापडंना. म्हशीचा श्वास चालू हाय का, असं विचारलं. ती चिडली. म्हैस तिच्याच मक्यात होती.

९ डिसेंबर, शनिवार

दुपारी बाराला बन्सीच्या बायकोचा फोन. नुसता आरडाओरडा. मी म्हणलं, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. म्हणाली, श्वास चालू हाय, हात मळणीयंत्रात गेलाय. मका करत होते. लुगड्याचा काठ फाड, दंडाला करकचून आवळ, असं सांगितलं अन् लाल टिकली दाबली.

गाडीवाला आज नवा. "माँजी, मैं टाकी के पास हूँ, अब किधर?" मी म्हणलं, सीधा आव, मोडका ट्रॅक्टर दिखेगा, वो बारा साल से वहींच हाय. वहाँ से डावा मार. कुत्ता भूँकता तो समज बराबर आया. — कुत्रं भुंकलं, मला फोनातून ऐकू आलं. बावीस मिनिटांत गाडी दारात! एवढं बरं वाटलं की मी चहा मागितला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून दोनला बायकोचा फोन. रक्त पाहिजे. बन्सीचं रक्त कुणाशी जुळत नाय, सगळ्या खानदानात एकट्या भावाशी जुळतं. काकासाहेबाशी. तो चितेगावच्या कंपनीत. तिथून शहर म्हणजे अर्धा तास. मीच लावला त्याला फोन. म्हणलं, "काकासाहेब, बन्सीचं लई जास्त हाय. असशील तसा निघ, मोठ्या दवाखान्यात ये."

"बरं काकू," म्हणाला. आवाज कसा बसला त्याचा.

सहा वाजले तरी तो पोचला नव्हता.

१० डिसेंबर

कळलं. सगळं कळलं.

काकासाहेबानं फोन ठेवला अन् तो रडत बसला. मग बिडकिनच्या बहिणीला घेतलं. मग पलीकडच्या गावातल्या दुसरीला. मग शहरात गुलमंडीच्या बाजारात उतरून पांढरं कापड, हार, उदबत्ती. साडेसहाला तिघं दवाखान्यात शिरली ती गळा काढूनच. खाटेवर बन्सी टकटक बघतोय. म्हणाला, "हार कुणाला रं दादा?"

मी फोनवर त्याला झापला. तर तो उलटा मला म्हणतो, "काकू, जास्त हाय, असशील तसा निघ — असं म्हणल्यावर माणूस गेलेलाच असतो की! तुम्हीच आमच्या बापाच्या वेळी असंच कळवलं व्हतं. मयताला जाताना बहिणींना सोडून येऊ का?"

खरं हाय. आपल्याकडं मेला असं फोनवर कुणी म्हणत नाय. जास्त हाय म्हणायचं. वाटेत माणसाचा धीर सुटू नये. मग दारातली गर्दी बघून ज्याचं त्याला कळतं. हा दस्तूर मला माझ्या आईनं शिकवला, अन् मी साठ वर्षं पाळला. काल बी पाळला, अन् मला कळलंसुद्धा नाय.

रक्त रात्री चढलं. हात कोपरापासून काढला. डॉक्टर म्हणे, वेळेवर मिळालं असतं तर हात वाचवायचं बघितलं असतं.

हे पुढल्या बाजूला लिहू नको. नाय, थांब. लिही. 'चुकीचा निरोप — आवडाबाई' असं लिही.

१२ डिसेंबर

नानासाहेबाला बोलावून सांगितलं. आजपासून माझ्या फोनवर मेला तो मेला अन् जिवंत तो जिवंत. मधलं काय चालणार नाय.

"काकू, लोक काय म्हणतील?"

"लोकांचा श्वास चालू हाय ना? मग म्हणू दे."

चारला सांडू. त्याला खुलताबादपर्यंत खबर गेली व्हती. "आक्का, तू म्हणे आता खरंच बोलणार! मग सांग, लहानपणी कणगीत पिकत घातलेलं माझं सीताफळ कुणी खाल्लं?"

"मी खाल्लं. ठेव."

पासष्ट वर्षांनी कबूल केलं. तो लई हसला. हसता हसता खोकला, अन् खोकला काय लवकर थांबंना.

१६ डिसेंबर, शनिवार

साळूबाईचा फोन, सकाळी नऊ. हळू आवाज. "आवडे, हे उठंनात."

श्वास विचारला. म्हणाली, नाय. तात्यासाहेब अंघोळ करून उन्हात खुर्ची टाकून बसले व्हते, खांद्यावर पंचा तसाच. लाल टिकली दाबायचं काम नव्हतं. तरी दाबली. डॉक्टरनं बघायला पाहिजे.

मग साळूबाई म्हणाली, "पैठणला गोदीला तूच कळव. जास्त हाय म्हण."

मी म्हणलं, नाय म्हणणार.

"आवडे, पोरगी एकटी यील एसटीनं!"

"बन्सीचा भाऊ बी एकटाच यायला पाहिजे व्हता."

लावला फोन. "गोदा, तुझा बाप गेला. आत्ताच. तरास झाला नाय. सावकाश ये, तुझ्यासाठी थांबत्यात." गोदा म्हणाली, "बरं काकू." एवढंच. मी वच्छलाला म्हणलं, बघ! काय झालं? आभाळ पडलं का?

१८ डिसेंबर

तिसऱ्या दिवसाची राख सावडून झाली, म्हणून वॉकर घेऊन साळूबाईच्या ओट्यावर बसायला गेले. बाया सरकल्या, अन् तोंड फिरवून बसल्या. गोदा माझ्यासमोर येऊन बसली. रडली नाय, भांडली बी नाय. भांडली असती तर मला जमलं असतं.

म्हणाली, "काकू, साडेतीन तास एसटीत मेलेला बाप घेऊन बसले. कंडक्टरला सांगितलं, माझा बाप मेला. तो म्हणाला, पुढं सरका. तुम्ही नीट कळवलं असतं तर मी जिवंत बापाकडं आले असते. पोचल्यावर कळलंच असतं की."

मी म्हणलं, "तुझ्या दस्तुराला बन्सीचा हात विचार."

"बन्सीला रक्त पाहिजे व्हतं, काकू. माझ्या बापाला काय पाहिजे व्हतं?"

वॉकर उचलला अन् आले.

१९ डिसेंबर

फोन नाय. टाकीवरच्या माझ्या नंबरावर कुणीतरी शेण मारलंय म्हणे. नेम चांगला असणार, टाकी उंच हाय.

२१ डिसेंबर

नानासाहेब आला. तकरारी आल्यात. बाईच्या तोंडाला हाड नाय, फोन काढून घ्या. मंगळवारी पंचायतीत बैठक. म्हणाला, "काकू, फोन ठेवायचा असंल तर एवढं मयतापुरतं जुनं चालू द्या. जिवंताला जिवंत म्हणा, मेल्याला जास्त म्हणा."

मी म्हणलं, "मग जो खरंच जास्त असंल त्याला काय म्हणू?"

चहा पिऊन गेला.

खरं सांगायचं तर मला फोन सोडायचा नाय. हा गेला की मी नुसती खुबा मोडलेली म्हातारी. ओसरीवर अशा चिक्कार हायेत.

अन् गोदाचं ते बोलणं कानातून जात नाय. हे खाली लिही, बारीक अक्षरात.

२५ डिसेंबर

सांडूचा आवाज घोगरा. "आक्का, धपाटे?"

"संक्रांतीला येते. तिळगूळ बी आणते."

"संक्रांत लांब हाय."

"तुला कुठं दुसरीकडं जायचंय? ठेव."

२६ डिसेंबर, मंगळवार

मला खुर्चीसकट उचलून पंचायतीत नेलं. वरातच जणू. सगळे आपापलं बोलले. एक म्हणाला, बाई मानूस असून इतकं कठोर! एक म्हणाला, बापजाद्यांपासून चालत आलंय. साळूबाई आली नव्हती. गोदा आली व्हती, दाराशी उभी.

मी एवढंच म्हणलं — माझ्या फोनचा निरोप ऐकून कुणी पळत सुटावं का कापड आणावं, हे ज्याला त्याला कळलं पाहिजे. खोटं एकदा चाललं की खरं बी खोटंच वाटतं.

नानासाहेब म्हणाला, "ज्यांना काकूंचं पटतंय त्यांनी हात वर करा."

कुणाचाच नाय. मग मागं बन्सी उठला. परवाच घरी आलाय. उरलेला हात त्यानं वर केला.

मग सगळ्यांनी केले. शरमेनं केले, पण केले. मी मोजायला सांगितले नाय.

ठराव झाला — आवडाबाई फोनवर सांगंल ते शब्दाला शब्द खरं धरायचं. पुढून लिही, मागून बी लिही. बाहेर पडताना गोदाकडं बघितलं. ती गेली व्हती.

२७ डिसेंबर

आज चारला सांडूचा फोन नाय. चला, लाइन मोकळी राहिली.

पाचला मीच लावला. उचलला नाय. झोपला असंल.

२८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी साडेनऊला फोन. सांडूचा थोरला. "आत्या, बाबांचं जरा जास्त हाय. असशील तशी निघ."

"निघते," म्हणलं.

पहिला प्रश्न विचारला नाय.

वच्छला, माझ्याकडं बघू नको, लिही. कडूबा जीप काढतोय. लिहून झालं की तवा ठेव. त्याला दात दोनच — धपाटे दोन फडक्यांत गुंडाळ. खुलताबादपर्यंत गरम राहिले पाहिजेत.