बापाचं पोट वजा जाता

नांदूरघाट, ४ फेब्रुवारी १९८७

ती. मामांस,
सुनेचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. कावेरी पाटी उलटी धरून मोठ्यानं वाचते. आजोबांवर गेली, असं आई म्हणते. विहीर कोरडी, टँकरची वाट बघतो.

काल कोर्टात तारीख झाली. कावेरीची पोटगी तुमच्या मुलाच्या पगारावरून ठरणार. साखर कारखान्यात नऊशे मिळतात. त्यांच्या वकिलानं सोसायटीचा हप्ता वजा करा म्हटलं. जज्जसाहेब म्हणाले, फटफटीचं कर्ज हौसेचं, ते वजा होणार न्हाई; म्हातारा बाप पोसतो, तेवढं होईल. मामा, तुम्हाला दोन घास मिळतात याचं बरंच वाटतं. पण पोरीचा वाटा तेवढा घटतो. हे कुणाला सांगू? राग मानू नका. माया असावी.

तुमची,
सत्यभामा

शिरूर कासार, ११ फेब्रुवारी

चि. सौ. सत्यभामा हीस अनेक आशीर्वाद.

राग कावून येईल? तुझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस मी. आता माझी थापली की नकाशा होतो. पुढच्या तारखेला येतो. साहेबांपुढंच बोलीन. पोरीला जप.

तुझा मामा,
बद्रीनाथ

नांदूरघाट, ३ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही निकालाला थांबला न्हाईत. पोरीला महिना अडीचशे बांधले, तुमचं काही वजा न करता.

मुलगा दमडी देत न्हाई, रोजगार हमीवर खडी फोडून खातो, असं तुम्ही साहेबांपुढं सांगितलंत. मनिऑर्डर येते म्हणून गावभर सांगायचात ना? तुमचा शेजारी सटवा तिथंच बसला होता. पायरीवर हे तुम्हाला काय बोलले? आई म्हणते, इकडंच राहायला या.

वाट बघणारी,
सत्यभामा

शिरूर कासार, १२ मार्च

चि. सौ. सत्यभामा हीस आशीर्वाद.

राधाकिशन म्हणाला, आजपासून त्याला बाप न्हाई. मी म्हटलं, नसू दे. पोरीला बाप असू दे.

गावात कुणी टोचत न्हाई. पारावर सरकून जागा देतात. सटवाच्या घरून कालवण येतं, पूर्वी येत नव्हतं. घेताना लई जड जातं. व्याह्याच्या घरी कायमचं राहणं जमायचं न्हाई. पाऊस झाला की आठ दिवस येईन.

कावेरीनं बापाचं विचारलं तर वाईट सांगू नको. तिचं ती मोठेपणी ठरवील.

चार ओळी का होईना, धाडत जा. दिवसभर मला कुणी मामा म्हणत न्हाई.

बद्रीनाथ