पास म्हणजे स्वातंत्र्य

१२ जानेवारी, रविवार
योरिंडेचा फोन. चोवीस मेला लग्न. फ्रान्समध्ये, आव्हिन्योंच्या टाउन हॉलमध्ये, दुपारी दोनला. नवऱ्यामुलाचं, बास्तियाँचं, गाव तेच. म्हणाली, बाबा, हात धरून मला आत तुम्हीच न्यायचं. डोळ्यांत पाणी आलं. सर्दी असावी.

विमानानं जाणार नाही. इथे झ्वोलेत गेली वीस वर्षं मी प्रत्येक वाढदिवसाला, धूर ओकत विमानानं फिरणाऱ्यांना फैलावर घेतोय. आता शब्द फिरवला तर लोक तोंडात शेण घालतील. तेव्हा ट्रेन. प्रश्न एवढाच, की रेल्वेचा पास घ्यायचा की आगाऊ तिकीट. ही जबाबदारी माझी, असं बायकोला, गेर्डिनला, जाहीर केलं. बाथरूमच्या फरशा मी स्वतः बसवणार म्हणालो होतो तेव्हाही ती माझ्याकडे अशीच बघत होती. (फरशांचं काम चालू आहे.)

२६ जानेवारी
शेजारच्या वुब्बोचा वाढदिवस. खुर्च्यांचं रिंगण, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन, एक कॉफी, एक बिस्किट, डब्याचं झाकण बंद. लग्नाचं आमंत्रण वुब्बोलाही आहे. योरिंडेला सायकल त्यानं शिकवली होती. (मी तेव्हा कोणती सायकल घ्यावी याचा अभ्यास करत होतो.)

वुब्बो म्हणाला, मेचं बुकिंग आजच उघडलंय, मी आपला तिकीट काढून मोकळा झालो. ही घाई! मी रिंगणाला नीट समजावून सांगितलं. आगाऊ तिकीट म्हणजे बेडी. ठरलेली गाडी, ठरलेली सीट, गाडी चुकली की पैसे पाण्यात. पास म्हणजे स्वातंत्र्य. मध्येच गेर्डिन हातात फोन घेऊन विचारायला लागली, हार्मन, तुला खिडकी हवी की कडेची सीट? मी म्हटलं, स्वतंत्र माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. सगळ्यांनी माना खाली घालून कॉफी ढवळली. पटलं असावं.

९ फेब्रुवारी
आगाऊ तिकिटं अजून स्वस्त आहेत. म्हणून काय लगेच घ्यायची? वसंतात पासावर सवलत येते. थांबणार. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, अशातला मी नव्हे.

१५ मार्च
आली सवलत! पास घेतला. पहिल्या प्रवासापासून महिन्याभरात प्रवासाचे चार दिवस, हवे तेव्हा, हवे तिथे. सहज बघितलं तर आगाऊ तिकीट दुपटीच्या वर गेलंय. म्हणजे पास केवढा स्वस्त पडला! गेर्डिनला म्हटलं, तूही घेऊन टाक. म्हणाली, माझं मी बघितलंय. काय बघितलंय, देव जाणे. आयत्या वेळी माझ्याकडेच येईल.

३० मार्च
एक किरकोळ बाब. फ्रान्समधल्या वेगवान गाड्यांत पास असला तरी सीट वेगळी घ्यावी लागते. वर पैसेही. वुब्बो कुंपणावरून म्हणाला, पासवाल्यांना सीटा थोड्याच ठेवतात रे, आजच घे. त्याला म्हटलं, एकतीस वर्षं मी या गावची गटारं सांभाळली, प्रवाह कसा चालतो ते मला शिकवू नकोस. आधी सगळं पाणी एकदम येतं. मग ओसरतं. ओसरल्यावर घेऊ.

२० एप्रिल, ईस्टर
पासवाल्यांच्या सीटा संपल्या. उत्तम. मी घेणारच नव्हतो.

साध्या गाड्यांना सीट लागत नाही. सात गाड्या बदलल्या की लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी निघून त्याच संध्याकाळी आव्हिन्यों. वर निसर्ग फुकट. गेर्डिननं आराखडा वाचला, बोटांवर गाड्या मोजल्या आणि इस्त्री करायला निघून गेली. भारावली असावी.

१७ मे
शहाण्या माणसानं रंगीत तालीम करावी. पास घेऊन सरहद्दीपर्यंत, रोझेंदालला जाऊन आलो. बाकावर बसून घरचं चीज-सँडविच खाल्लं. पास लोण्यासारखा चालला. येताना तिकीट तपासनीस बाई म्हणाली, काका, स्वतःच्या देशात हा पास दोनदाच चालतो, एकदा बाहेर पडताना, एकदा परतताना. ते दोन्ही तुम्ही आजच उरकलंत. आणि हसली. नियमांना हसणाऱ्या लोकांमुळेच देश मागे पडतो. शुक्रवारी सरहद्दीपर्यंत साधं तिकीट काढीन. तेवढाच देशाला हातभार.

२२ मे, गुरुवार
गेर्डिननं आज बॉम्ब टाकला. सव्वीस जानेवारीलाच, वुब्बोच्या घरी बिस्किट खाता खाता, तिनं आमच्या दोघांचीही तिकिटं काढली होती. जायची, यायची. मला खिडकी. म्हणाली, तुला सांगितलं असतं तर वाद घातला असतास. आता बॅग भर, उद्या दहाची गाडी आहे.

माझ्या पाठीमागे! माझ्या बेड्या माझ्याच बायकोनं विकत घ्याव्या? मी नाही म्हटलं. ठाम. पास असताना तिकिटावर गेलो तर वुब्बो जन्मभर कुंपणावरून हसेल. गेर्डिन म्हणाली, अरे, लग्न वुब्बोचं आहे का? मी पास काढून टेबलावर ठेवला. सूट मात्र तिच्याकडे दिला. सात गाड्यांत चुरगळेल. भाषणही त्याच्याच खिशात. नऊ पानं.

२३ मे
पहाटे निघालो. लीलला पुढची गाडी चुकली. सहलीची पोरं चढत होती, त्यांना आधी जाऊ दिलं. त्यामुळे पॅरिसची साखळी तुटली. काळजीचं कारण नाही, साखळी माझी आहे. गेर्डिनचा मेसेज: वेळेवर पोचलो, तुझ्या सीटवर सूट ठेवला होता. संध्याकाळी मी दिजाँला. हॉटेल. इथली मोहरीची चटणी छान.

२४ मे, सकाळ, लियों
लग्न आज. इथून वेगवान गाडीनं तासभर. तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणाला, पासावर सीट नाही. पूर्ण भाड्याचं एक तिकीट उरलंय, देऊ? खिशात पास असताना तिकीट? म्हणजे पाच महिने मी मूर्ख होतो असं लिहून देण्यासारखंच की. साध्या गाडीनंही वेळेत पोचतो. निघालो.

दुपारी
व्हालाँस स्टेशन. पुढे रुळांवर काम. बस येणार आहे म्हणतात. एक वाजून गेला. मघाशी ते तिकीट घ्यायला हवं होतं. नंतर खोडता येऊ नये म्हणून पेननं लिहितोय.

दोनला योरिंडेचा फोन. बाबा, कुठे आहात? व्हालाँस म्हटलं. टाउन हॉलवाले थांबत नव्हते, मागे दुसरं लग्न उभं होतं. म्हणाली, या सावकाश. सावकाश या.

२५ मे, रविवार
परतीची वेगवान गाडी. खिडकी. गेर्डिन शेजारी झोपली आहे.

काल पोचलो तेव्हा जेवणं आटपत आली होती. योरिंडेनं माझं ताट झाकून ठेवलं होतं. बाबा, जेवून घ्या, एवढंच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

फोटो बघितले. टाउन हॉलच्या दारात योरिंडे, तिचा हात वुब्बोच्या हातात. वुब्बोच्या अंगावर माझा कोट. त्याच्या कोटावर कॉफी सांडली होती म्हणे. भाषणाच्या नऊ पानांतल्या शेवटच्या दोनच ओळी त्यानं वाचल्या. सगळे रडले.

म्हणजे सूट पोचला, भाषण पोचलं. दोघंही आगाऊ तिकिटावर.

पासाचा एक दिवस अजून शिल्लक आहे. महिनाभरात वापरायला हवा. आणि पुढच्या लग्नाला बुकिंग उघडल्या दिवशीच तिकीट काढायचं, हे इथे ठळक लिहून ठेवतो.

मुलगी एकच आहे.