ऐनावरचा कोश

३ फेब्रुवारी, सूर्यमाळ

बांधावरच्या ऐनाच्या झाडावर टसरच्या पाखराचा कोश सापडला! पारव्याच्या अंड्याएवढा, करडा, देठाला घट्ट. अंडं, अळी, तिने खाल्लेली पानं — सगळं जिवंत बघून चित्रवहीत काढलंय. टाचणीला टोचलेलं पाखरू मी काढत नाही. म्हणून पाखराचंच पान तेवढं कोरं. फांदीला लाल चिंधी बांधून आले, उगाच चुकायला नको. पाखरू बाहेर यायला मे संपेल. तोवर डोळ्यांनी साथ द्यावी. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही, बाई. उरलीय ती सांभाळा."

१६ फेब्रुवारी

फांदीच नाही! ढवळूने राबासाठी, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, टहाळ तोडला. सख्खा धाकटा भाऊ माझा! विचारलं तर म्हणतो, "बाय, तुहीच चिंधी होती ना? म्हणून पयला तोच तोडला."

खरं आहे. आमच्या पाड्यात ज्या ऐनाला घरची चिंधी, त्याचा टहाळ त्या घरच्या राबाला. तीस वर्षं जव्हारच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि घरची खूण विसरले. चूक माझी. तरी नको नको ते बोलले त्याला. अडाणीसुद्धा म्हटलं.

१७ फेब्रुवारी

टहाळाचा ढीग दिवसभर उपसला. बोटं सोलली. नाही सापडला. डावा डोळा नावालाच उरलाय.

११ एप्रिल

आज राब भाजला. धूर थेट माझ्या खिडकीत. भावजय तानी लांबून पाण्याचा हंडा आणून ठेवते. ढवळूशी अबोला आहे. असू दे!

५ मे

पेन्सिलीची रेघ दिसेना. शाई घेतली.

२७ मे

सकाळीच ढवळू दाराशी. "बाय, भायेर ये जरा. वाईच बघ." तानीही होती. मी कडी काढली नाही. भांडण मिटवायला आले असतील. मिटवून काय पाखरू मिळणार आहे? उजेड छान होता. उजव्या डोळ्याला बऱ्यापैकी दिसत होतं. कोरं पान पुढ्यात घेऊन बसून राहिले दिवसभर.

२९ मे

तानीने सांगितलं. राब भाजायच्या आधी ढवळूला ढिगात कोश सापडला होता. मी बोलतच नव्हते, म्हणून त्याने गोठ्याच्या कुडाच्या भिंतीत खोवून ठेवला. परवा पहाटे त्यातून पाखरू निघालं, तेच दाखवायला आला होता. मी कडी काढेना म्हणून तिथेच ठेवून गेला; पाखरू अंधार पडेपर्यंत माझ्या दाराच्या चौकटीवर बसून होतं.